पावण्याच्या गुडघ्याचा नवस

लग्न होऊन कागलहून कोल्हापुरात आले तेव्हा फुटबॉलमधलं मला एवढंच ठाऊक होतं की तो पायानं खेळतात. आमच्या पेठेत सुनेला पांढरा रस्सा जमला नाही तर सासू शिकवते. फुटबॉल कळला नाही तर मात्र माहेरचा उद्धार होतो. पहिल्याच हंगामात सासूबाई मला स्टेडियमवर घेऊन गेल्या. मी हुशार. आमची पेठ कुठल्या जाळीकडं चाल करतेय ते नीट ध्यानात ठेवलं आणि डोळे त्या जाळीवर लावून बसले. हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या जाळीत बॉल गेला आणि मी नव्या कोऱ्या साडीत उभी राहून, दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर खाली आले. गोल आमच्यावर झाला होता.

सासूबाई समोर बघत एवढंच म्हणाल्या, "खाली बस, बया. लोकांस्नी वाटंल तुला खालच्या पेठेनं पाठवल्या."

एवढं झाल्यावर शहाण्या बाईनं गप्प राहावं. पण तेव्हाची ती नवी सून, म्हणजे मीच, कुठली राहते? ऑफसाइड म्हणजे काय ते कळायला तिला पोरं शाळेत जाईपर्यंत वेळ लागला, पण 'ऑफसाइड!' म्हणून बोंबलायला ती पहिल्याच वर्षी शिकली. कुणी खेळाडू गुडघा धरून लोळायला लागला की गॅलरीत सगळ्यांत मोठा आवाज हिचा: "उठ की रं! बाळंतीण हायस व्हय?" गुडघा ही दुखायची वस्तू आहे हेच तिला माहीत नव्हतं. जिना उतरताना एक पायरी गाळून एक घ्यायची. ती बया आज मला गल्लीत भेटली तर मी तिच्या पायात काठी घालीन.

काठी हातात आली, कारण माझा उजवा गुडघा पार गेला होता. डॉक्टर म्हणायचे बदलून घ्या, आणि मी त्यांना कात्रजचा घाट दाखवत आले. कधी लेकीचं बाळंतपण, कधी गौरी-गणपती, कधी नातीची परीक्षा. काहीच नसलं तर उन्हाळा. खरं कारण एकच, भीती. पाय कापून त्यात लोखंड घालणार, हे ऐकलं की मला गूळ घातलेला चहासुद्धा कडू लागायचा. त्यामुळं स्टेडियमच्या पायऱ्या सुटल्या आणि मी घरात मोबाइलवर फुटबॉल बघायला लागले. मोबाइल नातीचा, चष्मा माझा.

तिथंच मला पावणा भेटला.

नात इंजिनिअरिंगला आहे आणि अभ्यास सोडून तिला जगातल्या सगळ्या फुटबॉलवाल्यांची खबर असते. एका दुपारी ती कुठल्याशा खेळाडूची मुलाखत बघत होती. इजिप्तचा पोरगा, युरोपात खेळतो, पुढं राहून गोल मारतो. भाषा मला कळेना, पण मधेच त्याचं गाव दाखवलं. लांब झगा घातलेला त्याचा बाप ट्रॉलीला टेकून उभा, आणि ट्रॉलीत काय असावं?

"अगं, हा तर ऊस!" मी ओरडले.

"आज्जे, तिकडं बी ऊस पिकतोय. नाईल नदीच्या काठाला. साखर कारखानं हाईत त्यांचं."

मी मोबाइल तिच्या हातातून काढूनच घेतला. तोच फड, तोच पाचोळा, तशीच ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी. बापाचा चेहरासुद्धा कारखान्याचं बिल लांबलेल्या माणसाचा. माझ्या माहेरच्या कुठल्याही काकाला झगा घातला असता तर असाच दिसला असता. पोरगा म्हणत होता (नातीनं खालचं वाचून सांगितलं) की लहानपणी फडातल्या मोकळ्या पट्टीत खेळायचो, बॉल उसात गेला की पानांनी हात चिरायचे. मी माझ्या हाताकडं बघितलं. कोपराजवळच्या रेषा अजून आहेत. त्या दिवसापासून तो माझा झाला. नाव जिभेवर बसेना, म्हणून मी त्याला पावणा म्हणायला लागले. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात, आणि दोनदा भेटला की जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

पावण्याची सगळी कहाणी मग मी नातीकडून मागवून घेतली. गडी अठराव्या वर्षी डेन्मार्कला गेला. तिथं त्यानं पहिल्यांदा बर्फ बघितलं आणि पहिला सगळा हिवाळा बाकावर बसून काढला. भाषा येईना, जेवण गोड लागेना, बरोबरचे खेळाडू त्याला पास देईनात. नव्या सुनेचं पहिलं वर्ष, दुसरं काय! सगळे बोलतात आणि आपल्याशी कुणी बोलत नाही. पण चिवट. सराव संपला की एकटा राहायचा, भिंतीवर बॉल मारत. तिथून ऑस्ट्रियातल्या संघानं त्याला उचललं आणि तिथं हा उसाला तुरा यावा तसा वर आला. डोक्यानं गोल, डाव्या पायानं गोल, एकदा तर पडता पडता मांडीनं. मोठे संघ त्याच्या दाराशी घिरट्या घालायला लागले. मी गल्लीत सांगत सुटले, "आमच्या पावण्याला मोठ्या घरचं स्थळ येतंय."

गल्लीत ऐकणारे पुष्कळ, पण बोचणारा एकच. माझे धाकटे दीर. तरुणपणी आमच्या पेठेकडून हाफबॅक खेळले. तेव्हापासून जगातल्या सगळ्या फॉरवर्डांवर त्यांचा राग. संध्याकाळी तालमीच्या दारात खुर्च्या पडतात, तिथं एक माझी आणि तिच्या समोर त्यांची.

एक दिवस मी काठी टेकत तिथं पोचले तर ते हसतच होते.

"वैनी, तुमचा पावणा गेला की वो बाराच्या भावात."

"कुणी सांगितलं?"

"मोबाइलात आलंय. गुडघ्याची शीर तुटली. ऑपरेशन झालं. आन् करार संपला तसं संघानं बी हात झटकलं. आता गावाकडं जायाचं आन् ऊस तोडायचा!"

खुर्च्यांवरचे सगळे हसले. मला काय झालं कुणास ठाऊक. पोरगं परक्या मुलखात पाय वर बांधून पडलंय, बाप ट्रॉलीला टेकून वाट बघतोय, आणि इथं ही माणसं दात काढतात! मी खुर्चीतून उठले, जोतिबाच्या डोंगराच्या दिशेला हात जोडले आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं बोलले:

"जोतिबाच्या नावानं चांगभलं! ह्यो पोरगा परत उभा ऱ्हायला आन् त्यानं गोल मारला, तर डोंगराच्या खालच्या पायरीपासनं वर देवळापत्तोर माझ्या पायानं चढून यीन, आन् गुलाल-खोबरं उधळीन!"

सगळे गप्प झाले. मला वाटलं भक्तीनं झाले. मग माझ्या ध्यानात आलं की सगळ्यांचे डोळे माझ्या गुडघ्यावर आहेत. घरातला उंबरा ओलांडताना मला चौकट धरावी लागत होती. नवस बोलताना माणूस जे देता येईल ते कबूल करतो: नारळ, खण, फार तर चांदीचा डोळा. मी माझ्याकडं नव्हतंच ते देवाला देऊन बसले होते.

दिरांनी टोपी सारखी केली आणि सावकाश म्हणाले, "वैनी, नवस बोलायला तोंड लागतंय. फेडायला गुडघं लागत्यात."

त्यानंतर बरेच महिने मी दुतोंडी झाले, हे सांगायला हरकत नाही. तोंडानं म्हणायची, पावणा उठू दे. मनातला एक कोपरा म्हणायचा, उठू दे, पण सावकाश, घाई नाही. पावणा काही माझं ऐकणारा नव्हता. बेल्जियममधल्या एका लहान संघानं त्याला घेतलं. लंगडा बैल बाजारातून घ्यावा तसं घेतलं, असं लोक लिहीत होते म्हणे. आधी तो नुसताच संघाच्या कोटात बाकावर दिसायला लागला. मग शेवटची दहा-पंधरा मिनिटं मैदानात. पळायचा जपून, बॉल आला की लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा. दीर म्हणाले, "गुडघ्यात भ्या बसलंय त्याच्या." मला ते पटलं, कारण माझ्याही बसलं होतं.

आणि मग तो रविवार आला. आपल्याकडं दिवेलागणीची वेळ. सुनेनं देवाजवळ निरांजन लावलेलं, नातीनं मोबाइल टीव्हीला जोडलेला, दीर मुद्दाम आमच्याकडं चहाला आलेले. सामना बरोबरीत. पावण्याला उशिरा उतरवलं. डाव्या बाजूनं उंच बॉल आला. दोन दांडगे बचाववाले उडाले आणि त्यांच्या मधून हा, ज्या पायाचं ऑपरेशन झालं त्याच पायावर जोर देऊन, असा वर गेला की मला दिसला तो त्याचा पाय. डोकं नंतर. बॉल जाळीत होता आणि पावणा खाली पडून गवतात तोंड खुपसून रडत होता, आणि सगळा संघ त्याच्यावर.

मी शिट्टी मारायला दोन बोटं तोंडात घातली, पण कवळीतून नुसती हवा गेली. नात सोफ्यावर नाचली. मुलगा आतून पळत आला. दिरांनी चहाचा कप खाली ठेवला, स्वतःशीच "काय उडालं ओ बेणं!" असं म्हणाले, आणि मग माझ्याकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "मग वैनी? कवा निघायचं डोंगराला?"

घरात मसलत बसली. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या वतीनं मी चढतो की. देवाला चालतंय."

"बदली खेळाडू?"

"आज्जे, फुटबॉलमध्ये बदली चालतोय," नात म्हणाली.

"चालतोय. पण त्यानं मारलेला गोल त्याच्याच नावावर लागतोय."

सुनेनं डोंगरावरच्या आमच्या गुरवांना फोन लावला. ते समजूतदार माणूस. "आज्जी, गाडी पार वरपत्तोर येत्या," ते म्हणाले. "देव काय पायऱ्या मोजत बसलाय व्हय?"

"देव न्हाय बसला," मी म्हटलं. "आमचं भावजी बसल्यात."

ते हसले आणि सूट देऊन मोकळे झाले. खरं तर तिथंच सगळं मिटलं होतं. देवाच्या माणसानं परवानगी दिली, घरच्यांची हरकत नाही, दीर चार दिवस चिडवून विसरले असते. पण मला तो पाय दिसत होता. जो तुटला होता त्याच्यावरच जोर देऊन पोरगं उडालं. चांगल्या पायावरून उडता आलं असतं की त्याला! आणि मी गाडीतून उतरून गुलाल टाकणार? दुसऱ्या सोमवारी मुलाला म्हटलं, "चल राजारामपुरीला, डॉक्टरकडं."

डॉक्टरांनी मला बघून पेन खाली ठेवलं. "आज्जी, आला शेवटी! दुखणं वाढलं?"

"दुखणं तेवढंच हाय. नवस वाढलाय."

त्यांना सगळं सांगितलं. कोणाच्या गुडघ्यासाठी नवस, हे विचारल्यावर मी इजिप्त म्हटलं तेव्हा त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलानं छताकडं बघितलं.

"डोंगर चढता यील का तेवढं सांगा," मी म्हटलं.

"आधी घरातला जिना चढा. मग डोंगराचं बोलू. पण व्यायाम चुकवलासा तर काय नाही होणार. लोखंड मी घालतो, चालायचं तुम्हालाच हाय."

ऑपरेशनचं काय सांगू? घाबरत होते त्यातलं निम्मंसुद्धा झालं नाही, आणि ज्याची भीती वाटली नव्हती ते छळून गेलं. म्हणजे व्यायाम. रोज सकाळी एक पोरसवदा फिजिओ बाई यायची, पाठीमागं लांब वेणी, आवाज माझ्या नातीपेक्षा गोड आणि मन दगडाचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि म्हणायची, "दाबा आज्जी. अजून दाबा." मी तिच्या सात पिढ्या आठवायची. एक दिवस नात मोबाइल घेऊन शेजारी बसली. पावण्यानं आपल्या दुखण्याच्या दिवसांतला व्हिडिओ टाकला होता. पलंगावर पडलेला, पाय सुजलेला, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी! समोर कुणी तरी गोरी बाई उभी, आणि हा दात-ओठ खातोय.

"हीच बाई तिकडं बी हाय?" मी विचारलं.

फिजिओ इतकी हसली की त्या दिवशी माझे दोन-चार दाब वाचले.

मधे एक आठवडा वाईट गेला. गुडघा ठरावीक ठिकाणापर्यंत वाकायचा आणि पुढं हटून बसायचा, कागलच्या बैलासारखा. सूज उतरेना. मी वॉकर भिंतीवर ढकलून दिला आणि जाहीर केलं की मला काही कुठं जायचं नाही, देवानं हवं तर खाली यावं. दीर बातमी ऐकून आले. मला वाटलं आता चिडवणार. ते पलंगाजवळ बसले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "वैनी, मी पैज लावल्या."

"कसली?"

"तुमी चढतासा म्हणून. साऱ्या तालमीसंगं. माझं नाक कापू नगा."

"माझ्या बाजूनं लावली? तुमी?"

"मग काय! वाकवा की आता गुडघा."

मी वाकवला. आधी जिना चढले. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग स्टेडियमपर्यंत. तिथं हंगाम सुरू झाला होता; गॅलरीच्या पायऱ्या चढून माझ्या जुन्या जागेवर जाऊन बसले आणि हाफटाइमनंतर कुठल्या जाळीकडं बघायचं ते शेजारच्या नव्या सुनेला न मागता सांगितलं. तिकडं बेल्जियममध्ये पावणा आता पहिल्यापासून खेळत होता. लंगडा बैल म्हणणारेच त्याच्या नावानं गाणी म्हणत होते. त्याच्या देशाच्या संघानंही त्याला परत बोलावलं. बाप आता मुलाखतीत हसताना दिसला. ट्रॉली मात्र तीच.

थंडी सरताना डॉक्टरांनी हो म्हटलं. एका सकाळी उजाडता उजाडता मुलानं आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं आणि तो गाडी घेऊन वर गेला. पायरीवाटेवर मी, नात आणि पैजवाले दीर. त्यांच्या पायात नवे बूट, खांद्याला गुलाल-खोबऱ्याची पिशवी. नियम फिजिओनं घोटून घेतलेला: चढताना चांगला पाय आधी. आता चांगला कुठला, हेच ठरेना. उजवा नवा करकरीत, डावा जुना आणि कुरकुरणारा. साठ वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला तो डावा आता मागनं ओढत न्यावा लागत होता, आणि ज्याला शिव्या दिल्या तो पुढं. मी उजव्याला म्हटलं, चल बाबा.

दहा पायऱ्या झाल्या की उभं राहायचं, पाणी प्यायचं, खाली बघायचं. खाली शिवारात उसाचे हिरवे चौकोन, गुऱ्हाळाचा धूर. कॉलेजची पोरं दोन-दोन पायऱ्या घेत आम्हाला मागं टाकून गेली. त्यांतल्या एका पोरीनं वळून विचारलं, "आज्जी, कुणाचा नवस?"

"पावण्याचा."

"लग्न ठरलं वाटतं?"

"न्हाय गं. गोल झाला."

अर्ध्यावर गेल्यावर मागं बघते तर दीर नाहीत. ते खालच्या एका वळणावर पायरीवर बसले होते, एक बूट काढलेला, तोंड उघडं.

"भावजी, उठा की!" मी वरून ओरडले. "बाळंतीण हायसा व्हय?"

"वैनी, चला तुमी पुढं! पैज तुमच्यावर हाय, माझ्यावर न्हाय!"

नात त्यांच्याकडून पिशवी घेऊन आली. शेवटचा चढ मात्र खरा होता. मांडी थरथरायला लागली, डावा गुडघा शब्द ऐकेना. नातीनं हात पुढं केला. मी धरला नाही. नंतरच्या पायरीला कठडा धरला, कठडा डोंगराचाच की. त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. दगड, माझं धापा टाकणं, नातीचं "झालं आज्जे, झालं". मग पायाखाली सपाट आलं आणि समोर देवळांची शिखरं, गुलालानं माखलेला दगड, आणि गुरव उभे.

"आज्जी, चालत?" ते म्हणाले.

"तर काय उडत?"

त्यांनी नारळ घेतला. "कुणाच्या नावानं फेडायचा?"

मी पावण्याचं खरं नाव सांगायचा प्रयत्न केला. नातीनं दुरुस्त केलं. गुरवांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि विचारलं, "गाव?"

"नाईलच्या काठाला. उसाचा पट्टा हाय."

"कर्नाटकात आलं काय त्ये?"

"त्याच्या थोडं पुढं."

गुरवांनी देवासमोर त्या पोराचं नाव मोठ्यानं घेतलं, गाव घेतलं, आणि नारळ फोडला. मी ओंजळ भरून गुलाल-खोबरं उधळलं. वारा उलटा होता. सगळा गुलाल माझ्याच अंगावर आला. मी, नात, गुरव, शेजारून जाणारं कुणाचं तरी नवं जोडपं, सगळे गुलाबी. नातीनं माझा फोटो काढला आणि पावण्याच्या पानावर टाकून दिला. खाली काय लिहिलं विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय. 'जेवायला या' म्हटलंय."

तेवढ्यात दीर पोचले. एक बूट पायात, एक हातात. देवाला हात जोडले, मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि कमरेतून वाकून माझ्या नव्या गुडघ्याला नमस्कार केला. मग फोन काढून तालमीत कळवलं, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात.

मुलानं गाडी जवळ आणून लावली. दीर म्हणाले, "हां, वैनी! आता उतरायचं बी पायरीनंच की. नवस म्हंजे नवस."

मी गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटवर बसले, पाय लांब केले आणि काच खाली केली.

"भावजी," मी म्हटलं, "नवस चढायचा बोलल्ये. उतरायचा न्हाय."